जुन्या व्हिडिओ गेमचे पाठभेद : इम्युलेटर आणि फेरबदल केलेल्या कन्सोलची चिकित्सा

१. प्रस्तावना

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'साहित्यकृती' या संज्ञेची जी व्याख्या दिलेली आहे, तिच्यात संगणकाच्या आज्ञावलीचाही समावेश होतो. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने व्हिडिओ गेमची आज्ञावली ही कादंबरीच्या वा कवितेच्या पंक्तीला बसते. मराठी समीक्षेने मात्र या पंक्तीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे जे लेखन होते, ते बहुतांशी मुलांच्या अभ्यासावर, डोळ्यांवर आणि स्वभावावर होणाऱ्या परिणामांचे असते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु खेळ ही एक कृती आहे, तिला संहिता आहे आणि त्या संहितेची परंपरा तपासता येते, हा विचार त्यात क्वचितच आढळतो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जगभर एक छंद रुजला आहे. घरगुती कन्सोलच्या अंतर्गत रचनेत फेरबदल करायचा, त्यावर इम्युलेटर नावाची आज्ञावली बसवायची आणि १९८०-९० च्या दशकांतील खेळ पुन्हा खेळायचे, असे त्याचे स्वरूप आहे. इम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे वर्तन दुसऱ्या यंत्रावर घडवून आणणारी आज्ञावली होय. या छंदाकडे कोणी स्मरणरंजन म्हणून पाहतात, तर कोणी चोरी म्हणून. प्रस्तुत लेखात त्याकडे तिसऱ्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. इम्युलेटर ही जुन्या खेळाची केवळ नक्कल नसून ती त्या खेळाची एक आवृत्ती असते. आणि कोणत्याही आवृत्तीला जो प्रश्न विचारावा लागतो, तोच तिलाही विचारला पाहिजे. तो प्रश्न असा : आपण कोणता पाठ स्वीकारला, कोणता टाकला आणि हे वाचकाला सांगितले काय?

२. पाठचिकित्सेची दृष्टी

हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. शके १५०६ मध्ये संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, कारण तीन शतकांच्या लेखनपरंपरेत मूळ ग्रंथात पाठभेद शिरले होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम आरंभिले आणि ते १९६६ मध्ये पूर्णत्वास नेले. डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी घालून दिलेल्या त्या संपादनपद्धतीचा एक गुण येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. संपादकांनी मुख्य पाठ ठरविला, पण न स्वीकारलेले पाठ फेकून दिले नाहीत. ते त्याच पृष्ठावर रेषेखाली दिले. वाचकाला संपादकाचा निर्णय मान्य नसेल, तर त्याचा पुरावा त्याच्यासमोर असतो.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत ही दृष्टी लावणे कृत्रिम वाटण्याचा संभव आहे. आज्ञावली ही अंकांची मालिका असते. तिची प्रत तंतोतंत निघते. मग पाठभेद कोठून येणार? या आक्षेपाचे उत्तर देण्यासाठी खेळाची संहिता नेमकी कोठे असते, हे आधी पाहिले पाहिजे.

३. संहिता चिपमध्ये मावत नाही

निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये सामावलेला आहे. ज्याला आपल्याकडे 'कॅसेट' म्हटले जाई, त्या कार्ट्रिजमधील चिपवरून ही अंकमालिका वाचून घेतली की तिला 'रॉम' म्हणतात. सामान्य समजूत अशी की हा रॉम म्हणजेच खेळ. वस्तुतः रॉम ही केवळ लिखित संहिता आहे. नाटकाची संहिता आणि नाटकाचा प्रयोग यांत जे अंतर असते, तेच येथेही आहे; कारण खेळ यंत्रावर, पडद्यावर आणि खेळाडूच्या हातात घडतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकाडो यांनी रचलेला 'स्पेस इनव्हेडर्स' (१९७८) हा खेळ. त्यातील परग्रहवासीयांची रांग खेळाडू जसजशी विरळ करीत जातो, तसतशी उरलेल्यांची चाल वेगवान होते. या चढत्या वेगातच त्या खेळाची भीती साठविलेली आहे. हा वेग मुळात यंत्राच्या मर्यादेतून आला. प्रक्रियक एका वेळी एकच आकृती हलवीत असे. आकृत्या कमी झाल्या की संपूर्ण फेरी लवकर पुरी होई. यंत्राचा मंदपणा हाच येथे कृतीचा अर्थ झाला आहे. नव्या, शीघ्र यंत्रावर ही आज्ञावली काळाचे भान न राखता चालविली, तर एकही अक्षर न बदलता कृती नष्ट होते.

पडद्याचेही असेच आहे. सेगा कंपनीच्या 'सॉनिक द हेजहॉग' (१९९१) मधील धबधबा उभ्या रेषांच्या आलटून-पालटून मांडणीने काढलेला आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचावर, साध्या व्हिडिओ तारेतून जाताना या रेषा एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक भासे. आजच्या सपाट पडद्यावर प्रत्येक रेषा सुटी आणि स्पष्ट दिसते. धबधब्याच्या जागी जणू गजांची जाळी उभी राहते. 'डक हंट' (१९८४) या खेळातील प्रकाश-बंदूक तर पिक्चर ट्यूबच्या चमकण्याच्या वेळेवरच विसंबून असल्याने सपाट पडद्यावर ती चालतच नाही. अर्थात, पडदा हे येथे बाह्य वेष्टन नसून संहितेचे एक अंग आहे.

४. इम्युलेटरच्या दोन परंपरा

इम्युलेटरच्या इतिहासात दोन प्रवृत्ती स्पष्ट दिसतात. पहिली प्रवृत्ती वाचकाभिमुख म्हणता येईल. १९९७ मध्ये आलेल्या 'नेस्टिकल' आणि 'झेडस्नेस' या इम्युलेटरांनी त्या काळच्या सामान्य संगणकावर खेळ चालवून दाखविले. त्यासाठी अचूकतेला मुरड घालावी लागली. एखादा लोकप्रिय खेळ चालत नसेल, तर मूळ यंत्राचे वर्तन शोधण्याऐवजी त्या खेळापुरती तडजोड केली जाई. या आवृत्त्यांनी जुन्या खेळांना नवा वाचकवर्ग मिळवून दिला, हे त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

दुसरी प्रवृत्ती चिकित्सक होय. 'ब्यू' या टोपणनावाने लिहिणाऱ्या आज्ञावलीकाराने २००४ मध्ये सुरू केलेला 'बीस्नेस' हा तिचा आदर्श नमुना. मूळ यंत्र प्रत्येक क्षणी जे करीत होते तेच करायचे, मग त्यासाठी संगणकाची कितीही शक्ती खर्ची पडो, अशी त्याची प्रतिज्ञा होती. या आग्रहाचे मोल एका किरकोळ खेळातून ध्यानात येते. 'स्पीडी गोन्झालेस' या खेळात एके ठिकाणी कळ दाबली की जुन्या इम्युलेटरांवर खेळ कायमचा अडकून पडे. कारण असे की खेळाच्या आज्ञावलीतच चूक होती. ती जेथे काहीच नाही अशा पत्त्यावरून वाचन करीत होती. खऱ्या यंत्रात तारांवर उरलेल्या आधीच्या मूल्यामुळे ती चूक निभावून जाई. यंत्राच्या या आडवळणी वर्तनाची नोंद ज्या इम्युलेटरने घेतली, त्यावरच खेळ पुढे सरकला.

पाठचिकित्सेतील एक जुना नियम येथे आठवतो : अवघड पाठ सोपा करण्याचा मोह संपादकाने टाळावा, कारण अवघड पाठच बहुधा मूळचा असतो. ब्यू यांना संस्कृत वा लॅटिन पाठचिकित्सेशी कर्तव्य नव्हते. तरी कामाच्या ओघात ते त्याच नियमापाशी येऊन पोहोचले.

५. फेरबदल केलेली कन्सोल : वाचकाने केलेले संपादन

संगणकावर इम्युलेटर चालत असताना कन्सोलच्या रचनेत फेरबदल करण्याचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर 'प्रयोग' या संकल्पनेत आहे. हे खेळ दिवाणखान्यात, दूरचित्रवाणी संचासमोर, हातात नियंत्रक घेऊन खेळण्यासाठी रचलेले होते. तो प्रयोग पुन्हा उभा करायचा, तर दिवाणखान्यातलेच यंत्र हवे.

मायक्रोसॉफ्टचे पहिले 'एक्सबॉक्स' (२००१) हे ७३३ मेगाहर्ट्झचा प्रक्रियक, ६४ मेगाबाइट स्मृती आणि हार्ड डिस्क असलेले, मुळात संगणकाच्याच कुळातील यंत्र होते. अँड्र्यू हुआंग यांनी त्याच्या सुरक्षाव्यवस्थेचा छडा लावला आणि २००३ मध्ये 'हॅकिंग द एक्सबॉक्स' हे पुस्तक लिहिले. त्याच सुमारास 'मेकअसॉल्ट'सारख्या खेळाच्या जतन केलेल्या नोंदीतील फटीतून, यंत्र न उघडताही आत शिरण्याचा मार्ग सापडला. २००८ मध्ये निन्टेन्डोच्या 'वी' या कन्सोलबाबत हेच घडले. 'वी'चा विशेष असा की योग्य इम्युलेटर बसविल्यास ते पिक्चर ट्यूबच्या संचाला जुन्या खेळांचे मूळ २४० रेषांचे चित्र पुरवू शकते. धबधबा पुन्हा धबधब्यासारखा दिसतो. अचूक आज्ञावली आणि अचूक पडदा यांचा मेळ घालणारी ही आवृत्ती कोणत्याही प्रकाशकाने काढलेली नाही; ती वाचकांनी सिद्ध केली आहे.

याच्या उलट प्रकाशकाने काढलेल्या आवृत्तीचे उदाहरण म्हणून सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन क्लासिक' (डिसेंबर २०१८) घेता येईल. आपल्या पहिल्या प्लेस्टेशनचे २० खेळ एका लहानशा पेटीत घालून सोनीने हे यंत्र बाजारात आणले. ते उघडून पाहणाऱ्यांना दोन गोष्टी आढळल्या. पहिली अशी की आत चालणारा इम्युलेटर सोनीचा नव्हता. तो 'पीसीएसएक्स रिआर्म्ड' हा हौशी आज्ञावलीकारांनी मुक्त परवान्याखाली घडविलेला इम्युलेटर होता. या कंपनीने १९९९ पासून 'कनेक्टिक्स' आणि 'ब्लीम' या इम्युलेटर बनविणाऱ्या कंपन्यांना अमेरिकेच्या न्यायालयांत खेचले होते. कनेक्टिक्सच्या खटल्यात २००० मध्ये अपील न्यायालयाने, सुसंगत उत्पादन घडविण्यासाठी मूळ आज्ञावलीची मधल्या टप्प्यात प्रत करणे हा न्याय्य वापर ठरविला होता. ज्या कलेविरुद्ध कंपनी लढली, त्याच कलेच्या आधारे तिला पुढे स्वतःचा वारसा विकावा लागला.

दुसरी गोष्ट समीक्षेच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. जपानबाहेर विकलेल्या यंत्रातील २० पैकी ९ खेळ, त्यांत 'टेकन ३'सारखा चापल्याचा खेळही, युरोपसाठी काढलेल्या ५० हर्ट्झच्या पाठातले होते. जपान-अमेरिकेतील दूरचित्रवाणी सेकंदाला ६० वेळा चित्र बदले, युरोपातील ५० वेळा. हा ५० चा पाठ ६० च्या पडद्यावर दाखविताना दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावे लागते आणि हालचालीला बारीकसा हिसका बसतो. एकाच संग्रहातील काही खेळ एका पाठाचे आणि काही दुसऱ्या पाठाचे. त्याचे कारण वाचकाला सांगितलेले नाही. ही संपादनातील हेळसांड होय. थोड्याच काळात हौशी मंडळींनी या यंत्रातही फेरबदल घडवून आणले आणि ज्याला जो पाठ हवा, तो त्यात घालण्याची सोय केली. मूळ प्रकाशकाची आवृत्ती सदोष आणि वाचकांची आवृत्ती चिकित्सक, अशी ही उलटापालट आहे.

६. पन्नास की साठ : आपला पाठ कोणता?

येथवरचे विवेचन वाचून ६० चा पाठ शुद्ध आणि ५० चा भ्रष्ट, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. बहुसंख्य छंदिष्टांचे मत तेच आहे. परंतु मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. भारतातील दूरचित्रवाणी 'पाल' पद्धतीची, म्हणजे ६२५ रेषांची आणि सेकंदाला ५० क्षेत्रांची होती. १९९० च्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावांपर्यंत जे 'टीव्ही गेम' घरोघरी आले, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या 'फॅमिकॉम' या यंत्राच्या नकला होत्या. पाल संचासाठी बनविलेल्या अशा नकली यंत्रांत ६० पावलांचा खेळ ५० पावलांनी चाले. धावण्याचा वेग, उडीचा अवधी आणि संगीताची लय हे सारे सुमारे १७ टक्क्यांनी मंदावलेले असे. ज्या पिढीने 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' असे खेळले, तिच्या बोटांना तोच मूळ वेग वाटतो. चिकित्सक इम्युलेटरवर 'शुद्ध' पाठ लावला, तर तिला खेळ घाईत असल्यासारखा भासेल.

त्याहून बिकट प्रश्न त्या कॅसेटींचा आहे. शेकडो, हजारो खेळांचे आकडे वेष्टनावर मिरविणाऱ्या त्या कॅसेटीत प्रत्यक्षात मोजकेच खेळ असत. तोच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून त्याला निरनिराळी नावे दिलेली असत. कोणी तरी मूळ आज्ञावलीत हात घालून हे बदल केले होते. पाठचिकित्सेच्या भाषेत हे प्रक्षेप होत. 'नो-इन्ट्रो'सारखे सूचिकार प्रकल्प रॉमच्या शुद्ध, पडताळलेल्या प्रती निश्चित करण्याचे मोलाचे काम करतात. अधिकृत प्रकाशनाची निर्दोष प्रत हा त्यांचा आदर्श. त्या आदर्शात आपल्या कॅसेटी बसत नाहीत. इम्युलेटरच्या पर्यायांत पाल नकलांचा वेग 'डेंडी' या नावाने मिळतो. हे नाव १९९२ मध्ये रशियात विकल्या गेलेल्या नकलेचे आहे. रशियन बालपणाला यादीत स्थान मिळाले, कारण तेथील छंदिष्टांनी आपल्या यंत्राची चिकित्सा केली. आपल्याकडील यंत्रांचे बारकावे मात्र अद्याप असे कोणी मांडलेले नाहीत.

लेखकाचा हेतू प्रमाण मानायचा की वाचकांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचलेला पाठ, हा साहित्यसमीक्षेतील जुना वाद आहे. कर्त्याचा हेतू ६० चाच होता, हे निर्विवाद. म्हणून मुख्य पाठ म्हणून तो स्वीकारणे योग्यच. परंतु ५० चा पाठ आणि प्रक्षिप्त कॅसेटी हा ग्रहणाचा इतिहास आहे. भारतात हे खेळ कसे पोहोचले, कोणत्या व्यापाराने, कोणत्या यंत्रावर, याचा तोच पुरावा होय. चिकित्सक आवृत्तीत त्याची जागा रेषेखाली आहे, कचऱ्यात नव्हे.

७. मर्यादा आणि आक्षेप

या छंदाचे गुणगान करून थांबणे समीक्षेला शोभणारे नाही. इम्युलेटरमध्ये खेळाची स्थिती कोणत्याही क्षणी जतन करून मागे जाण्याची सोय असते. तीन जिवांत खेळ संपण्याची जी धास्ती जुन्या खेळांच्या रचनेत मुरलेली होती, ती या सोयीने नाहीशी होते. २०१८ पासून 'रेट्रोआर्च' या संचात उपलब्ध असलेली 'रन-अहेड' ही युक्ती तर कळ दाबणे आणि परिणाम दिसणे यांतील अंतर मूळ यंत्रापेक्षाही कमी करू शकते. येथे इम्युलेटर मुळाला मागे टाकतो. सोय म्हणून ती स्वागतार्ह आहे. पाठ म्हणून मात्र तो नवा पाठ आहे, हे विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप संग्रहवृत्तीचा. फेरबदल केलेल्या कन्सोलमध्ये हजारो रॉम एकत्र ठेवले जातात; त्यांतील बहुतेक दोन मिनिटे पाहून सोडून दिले जातात. पाठाची नोंद नाही, कर्त्याचे नाव नाही, सालही नाही. अशी पेटी ग्रंथालय ठरत नाही. ती जुन्या 'हजार खेळांच्या' कॅसेटीचीच मोठी बहीण ठरते.

तिसरा आक्षेप कायद्याचा. हक्क जिवंत असलेल्या खेळांच्या प्रती वाटणे हा कॉपीराइटचा भंग होय. त्याचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. भारतीय कायद्यात २०१२ मध्ये घातलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण ओलांडणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. येथे 'हेतू' हा शब्द निर्णायक आहे. स्वतःच्या यंत्राचा अभ्यास आणि प्रतींचा व्यापार यांत कायदाही भेद करतो. परंतु हक्कधारकांनी जतनाची जबाबदारी घेतली आहे काय, हेही विचारले पाहिजे. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'च्या २०२३ च्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. निन्टेन्डोने 'वी'चे दुकान २०१९ मध्ये आणि 'वी यू' व 'थ्रीडीएस'ची दुकाने २०२३ मध्ये बंद केली. ग्रंथालयांना असे खेळ संशोधकांसाठी दूरस्थ पद्धतीने उपलब्ध करून देण्याची मुभा अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने २०२४ मध्ये नाकारली. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने पुस्तके व नियतकालिके चार ग्रंथालयांत जमा होतात. व्हिडिओ गेम त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. कायदा ज्याला साहित्यकृती म्हणतो, त्याची एकही प्रत राखण्याचे बंधन कोणावर नाही.

८. समारोप

एकंदर विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. जुन्या व्हिडिओ गेमची संहिता अंकमालिकेत संपत नाही. यंत्राचा वेग, पडद्याची जात आणि खेळाडूचे हात यांतून ती पूर्ण होते. म्हणून प्रत्येक इम्युलेटर आणि प्रत्येक फेरबदल केलेले कन्सोल पाठाविषयी काही निर्णय घेतच असते. हा निर्णय कंपनीने घेतला की तो प्रामाणिक, आणि हौशी मंडळींनी घेतला की अप्रामाणिक, अशी विभागणी प्लेस्टेशन क्लासिकच्या उदाहरणानंतर टिकत नाही. आवृत्तीची प्रतिष्ठा ती कोणी काढली यावर अवलंबून नसते. तिने आपले निर्णय किती उघड केले, यावर असते.

आपल्यापुरते एक काम यातून सुचते. १९९० च्या दशकातील नकली यंत्रे आणि त्यांच्या कॅसेटी अजून काही घरांच्या माळ्यांवर पडून असतील. चिपवरील नोंद कायम टिकत नाही, प्लास्टिकही टिकत नाही. महाविद्यालयांच्या संगणकशास्त्र, इतिहास आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन त्यांची यादी केली, त्यांचा वेग मोजला आणि त्यांतील प्रक्षेपांची नोंद ठेवली, तर तो एक लहानसा, पण खराखुरा आंतरविद्याशाखीय प्रकल्प ठरेल. हस्तलिखिते गोळा करण्याची परंपरा ज्या प्रांतात आहे, तेथे हे काम परके वाटण्याचे कारण नाही.